जवभर उजवीकडे

उनहाक या तिरंदाजीच्या मंडपाचे अध्यक्ष प्यो ग्वांगसप यांना धनुर्विद्येतलं काहीही विचारा, उत्तर तयार असायचं. काहीही विचारू नका, तरी तयार असायचं. निवृत्त पोस्टमास्तर. चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, आता सल्ले पोचवत होते, आणि पत्ता चुकला तरी परत घ्यायचे नाहीत.

"डावा हात!" नव्या माणसाच्या मागे उभं राहून ते म्हणायचे. "बाण सुटताना डावा हात सैल पडला की संपलं. मूठ पुढे ढकला, आत पिळा. ओला पंचा पिळतो ना आपण, तशी. पिळली तर बाण सरळ, सुटली तर उजवीकडे. पुस्तकात हेच आहे आणि मीही हेच सांगतो."

पायरीवर बसून बे ओकनाम हे ऐकायची आणि मनात हसायची. हसणं काही प्रेमाचं नव्हतं. सगळ्या हादोंग गावात बाण सुटताना डावा हात सर्वांत सैल कुणाचा पडत असेल, तर तो या अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष म्हणजे तिचा नवरा.

तसा मंडपात तिच्या तिरस्काराला पात्र नसलेला माणूस शोधूनच काढावा लागला असता. दातांचे डॉक्टर हाम दर महिन्याला नवं फायबरचं धनुष्य आणायचे, बाण सोनाराच्या काट्यावर तोलायचे, आणि मग ते तोललेले बाण डोंगरात हरवून यायचे. एवढी काळजी दात उपटताना घेतली असती तर निम्मं गाव आज धड चावत असतं, असं ओकनामचं मत. चू मास्तर स्वतःचं धनुष्य ओढणं मोबाइलवर चित्रित करायचे आणि बाकावर बसून तेच तेच बघायचे, एखाद्या नटाने स्वतःचा सिनेमा बघावा तसे. बाण कुठे पडला हे त्या चित्रात नसायचंच. मास्तरांना त्याची गरजही वाटायची नाही.

आणि हे सगळे लोक दिवसाचा पहिला बाण सोडण्याआधी रीतीप्रमाणे मान लववून म्हणायचे, "धनुष्य शिकतोय." बाकीचे उत्तर द्यायचे, "खूप लागू देत." मंडपाचा तो जुना शिरस्ता. तीस वर्षं बाण मारणाऱ्यानेही तेच म्हणायचं. ओकनामही म्हणायची, पण ती ते दारावरच्या विक्रेत्याला 'नको' म्हणावं तसं म्हणायची. शिकायचं ते शिकून झालेलं होतं. आता राहिलं होतं ते फक्त बघणं, आणि बघण्यासारखं इथे काय होतं!

गावात हे कुणाला माहीत नव्हतं, पण अध्यक्षांचं धनुष्य चढवायची ती.

शिंगाचं धनुष्य म्हणजे जिवंत प्रकरण. रेड्याचं शिंग, बांबू, बैलाच्या स्नायूंचे तंतू, आणि हे सगळं माशाच्या सरसाने चिकटवलेलं. हवा दमट झाली की ते ढिलं पडतं, कोरडी झाली की ताठतं. दोरी उतरवली की उलटं वळून झोपलेल्या कुत्र्यासारखं वेटोळं करतं. म्हणून रात्रभर त्याला उबेच्या कपाटात ठेवायचं, सकाळी विजेच्या शेगडीवर शेकायचं, गुडघ्यांत धरून हळूहळू उलगडायचं आणि दोरी चढवायची. मग मुठीच्या वरचं पातं, खालचं पातं डोळ्यांसमोर धरून निरखायचं. जिथे जास्त ताठ, तिथे पुन्हा शेक देऊन टाचेने दाबायचं. घाई केली तर धनुष्य फटकन उलटतं आणि कडकन मोडतं. ग्वांगसपनी अशी दोन मोडली होती. तिसरं मोडायच्या आधी ओकनामने त्यांच्या हातातून काढून घेतलं, त्याला आता अकरा वर्षं झाली.

तिचे हात शिवणाचे. हानबोक, म्हणजे सणासमारंभाचा कोरियन पोशाख, शिवण्यात तिने उमेदीची वर्षं घालवली होती. शिवण सुतभर तिरकी गेली तरी तिला ती खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसायची. धनुष्याचं पातं दिसायला कितीसा वेळ! महिनाभरात ती असं चढवायला लागली की लोक अध्यक्षांना विचारायचे, "साहेब, हे तुम्ही कसं जमवता?" आणि साहेब म्हणायचे, "सराव!"

धनुष्य नीट झालं तरी बाण मात्र उजवीकडेच जायचे. एकशे पंचेचाळीस मीटरवरच्या नेमाच्या फळीच्या उजवीकडे, दोन हात लांब, अगदी नेमाने. पहिल्या वर्षी तिने सांगून पाहिलं.

"अहो, बाण सुटताना तुमची मूठ सैल पडतेय."

"माझी? मी सगळ्यांना तेच तर सांगत असतो!"

"म्हणूनच म्हणतेय."

"हे बघ, तू शिवण बघ. मला पुस्तक तोंडपाठ आहे."

मग तिने सांगणं सोडलं. दुसऱ्या दिवशी शेगडीवर धनुष्य शेकताना पातं टाचेखाली जरा पिळलं आणि दोरी धनुष्याच्या मुठीच्या मध्यापासून उजवीकडे आणून बसवली. फार नाही, जवाच्या दाण्याएवढी. असं धनुष्य बाण डावीकडे फेकतं. नवऱ्याचा हात बाण उजवीकडे फेकायचा. दोन चुका एकमेकींना खाऊन टाकायच्या आणि बाण जाऊन फळीवर आदळायचा.

"बघितलंस?" त्या सकाळी ग्वांगसप तिच्याकडे वळून म्हणाले. "डावा हात! पिळली मूठ!"

तिने तेव्हा जे ओठ मिटले ते अकरा वर्षं मिटलेलेच राहिले. बोलून दाखवण्याइतकीही त्यांची किंमत तिने ठेवली नव्हती.

पण रोज धनुष्य बरोबर वाकडं झालंय की नाही हे तपासणं आलं. लोक जमायच्या आधी, उजाडता उजाडता, ती मंडपात एकटी त्याच धनुष्याने पाच बाणांची एक फेरी मारायची. त्यांच्यासाठी तपासायचं तर त्यांच्यासारखंच सोडायला हवं. तेव्हा ती नवऱ्याची नक्कल करायची. मान ताठ, पोट पुढे, आणि सुटताना मूठ सैल. नक्कल तिला छान जमायची, आणि त्यात तिला मजाही यायची. पुढे एका फेरीच्या पाच झाल्या, पाचाच्या नऊ. नऊ फेऱ्यांत पंचेचाळीसपैकी तिचे अडतीस लागायचे. दिवसभर त्याच धनुष्यावर अध्यक्षांचे पंचवीस, फार तर एकोणतीस.

तेच धनुष्य, तीच फळी. ते पंचवीस, मी अडतीस. हा हिशेब ओकनाम रोज सकाळी भात शिजवताना मनात करायची आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

पाचवी पदवी हे ग्वांगसपचं आयुष्यातलं एकच राहिलेलं स्वप्न. चौथीपर्यंत फायबरच्या धनुष्यावर चालतं. पाचवीला शिंगाचंच धनुष्य आणि बांबूचेच बाण लागतात, पंचेचाळीसपैकी एकतीस लावावे लागतात, आणि मग माणूस विशारद म्हणवून घेतो. ते सात वेळा बसले, सात वेळा नापास झाले. एकदा पाऊस होता, एकदा पोट बिघडलं होतं, एकदा शेजारचा माणूस खोकला. चौथी पदवी ओकनामकडेही होती, नवऱ्याच्या दोन वर्षं आधी मिळालेली. पण घरात शिंगाचं धनुष्य एकच, आणि आधी अध्यक्षांनी विशारद व्हावं मग बाकीच्यांनी, असं कुणी न म्हणता ठरून गेलेलं. ती थांबली. बासष्ट वर्षांची होईपर्यंत थांबली.

त्या वसंतात परीक्षेची सूचना आली. मंडपाच्या फलकावर ती लावताना ग्वांगसपचा चेहरा उतरला. या खेपेपासून उमेदवाराने आपलं धनुष्य परीक्षकांसमोर स्वतः चढवायचं होतं.

घरी जेवताना ते शिंपल्यांच्या सुपात चमचा फिरवत बसले.

"ओकनाम, चढवताना तू आधी वरचं पातं शेकतेस की खालचं?"

"पुस्तक तोंडपाठ आहे ना तुम्हाला?"

"तोंडपाठ आहे गं. पण हातपाठ नाही."

तिने वाटी खाली ठेवली. "मी पण नाव दिलंय."

"कशाला?"

"परीक्षेला."

ते हसले. वाईट हसले नाहीत. लहान मुलाने विमान चालवायचं म्हटलं तर हसावं तसे हसले, आणि त्यामुळेच तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आणि धनुष्य?"

"हेच. तुम्ही सकाळच्या गटात आहात, मी दुपारच्या. धनुष्य कुणाचं हे नियमात नाही, कुणी चढवलं एवढंच आहे."

"म्हणजे एकाच धनुष्यावर दोघं?"

"एकाच धनुष्यावर," ती म्हणाली. "एकाच दिवशी. लोकांसमोर." हे तिला किती हवं होतं ते त्यांना कळलं नाही. त्यांनी सूप संपवलं.

परीक्षा शहरातल्या मोठ्या मंडपात होती. हवा कोरडी, आभाळ स्वच्छ. खांबावरचं वाऱ्याचं निशाण न हलता लोंबत होतं. परीक्षकांत ग्वाक नावाचे एक म्हातारे होते, धनुष्य करणाऱ्या घराण्यातले. त्यांचे डोळे अधू होते, पण पात्यावरून अंगठा फिरवला की त्यांना सगळं कळायचं.

सकाळी ग्वांगसपनी धनुष्य चढवायला घेतलं. अर्धा तास ते त्या धनुष्याशी झटत होते. शेकताना फुंकर घातली, गुडघ्यातून दोनदा निसटलं, दोरी अडकवताना जीभ बाहेर आली. ओकनाम मागच्या बाकावर बसून बघत होती, आणि हादोंगहून आलेले डॉक्टर हाम तिच्याशेजारी बसून म्हणत होते, "वहिनी, साहेब आज फार काळजीपूर्वक करताहेत नाही?"

"फार," ओकनाम म्हणाली. "बाळाची टाळू भरतात तसे."

पण शेवटी चढलं एकदाचं. ग्वाक आजोबांनी अंगठा फिरवला, दोरी मुठीच्या बरोबर मध्यावर आहे हे पाहिलं आणि मान डोलावली. पुस्तकात लिहिलं होतं तसंच सरळ चढवलं होतं त्यांनी. ओकनामला हसू आवरेना. बिचाऱ्याला काय माहीत, अकरा वर्षं ज्या धनुष्यावर आपण मिरवलो ते सरळ नव्हतंच म्हणून!

पुढे जे होणार होतं तेच झालं. ग्वांगसप रांगेत उभे राहिले, मान लववून म्हणाले, "धनुष्य शिकतोय." बाकीचे म्हणाले, "खूप लागू देत." त्यांनी ओढलं, सोडलं, आणि दूर फळीपाशी बसलेल्या झेंडेवाल्याने बाण गेला त्या बाजूला, उजवीकडे, झेंडा कलता केला. दुसरा बाण, झेंडा उजवीकडे. तिसरा, उजवीकडे. ग्वांगसपनी धनुष्याकडे पाहिलं, बाणाकडे पाहिलं, दोरी ओढायची अंगठ्यातली कडी काढून फुंकली आणि पुन्हा घातली. स्वतःच्या डाव्या हाताकडे तेवढं पाहिलं नाही. पंचेचाळीसपैकी तेरा लागले.

ते येऊन तिच्याशेजारी टेकले. कपाळावर घाम होता.

"वारा होता का गं?"

तिने खांबावरच्या निशाणाकडे हनुवटी केली. ते ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं.

"वरून असेल," ते म्हणाले. "खाली कळत नाही. वरून वाहतो कधीकधी."

"हो का," ओकनाम म्हणाली. माणूस इतका पोकळ असू शकतो आणि तरी उन्हात त्याची सावली पडते, याचं तिला नवल वाटलं. तिने त्यांच्या हातातून धनुष्य घेतलं, दोरी उतरवली आणि ते गुंडाळून उबेच्या पेटीत ठेवलं.

दुपारी तिने चढवलं तेव्हा लोक उठून जवळ आले. शेगडीवर एकदा इकडून, एकदा तिकडून, नुसता हाताला कळेल इतका शेक. गुडघ्याने एक दाब. दोरी चढली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. मग तिने पाती निरखली. टाच सवयीने पात्याकडे गेली, जवभर पिळायला. तिथे ती थांबली.

आज कशाला? हे आज नवऱ्यासाठी नव्हतं. अकरा वर्षं एका गबाळ्या माणसाच्या गबाळ्या हातासाठी तिने चांगलं धनुष्य रोज वाकडं केलं होतं. आज पहिल्यांदा ते तिचं होतं. तिने टाच मागे घेतली आणि दोरी अशी मधोमध बसवली की शिवणीची खूण घालायला ती वापरता आली असती.

ग्वाक आजोबांनी अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला.

"बाई, कुणाकडे शिकलात?"

"कुणाकडे नाही."

"दहा वर्षांत असं चढवलेलं पाहिलं नाही मी," म्हातारा मोठ्याने म्हणाला. चू मास्तरांनी मोबाइल काढला. ओकनामने वळून ग्वांगसपकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत होते. टाळ्या! या माणसाला अपमानही कळत नाही, ती मनात म्हणाली, आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

"धनुष्य शिकतेय," ती घाईघाईने पुटपुटली. कुणीतरी म्हणालं, "खूप लागू देत."

तिने ओढलं. श्वास पोटात नेला. सोडला.

झेंडा उजवीकडे कलला.

पहिला बाण, म्हणून तिने सोडून दिलं. दुसरा सोडला, झेंडा उजवीकडे. तिसऱ्याला तिने नेम फळीच्या डाव्या काठावर धरला, तो लागला, आणि त्या लागण्याची तिला शरम वाटली. चौथा उजवीकडे, पाचवा उजवीकडे. झेंडेवाला सकाळचाच होता. तो झेंडा त्याच संथपणे, त्याच कोनात कलता करत होता, जणू सकाळपासून एकच माणूस मारत होता.

दुसऱ्या फेरीतही एकच लागला. दहापैकी दोन झाले आणि मधली विश्रांती आली.

ती शेगडीपाशी जाऊन बसली. तिने धनुष्य मांडीवर ठेवलं. कळायला तिला वेळ लागला नाही. शिवण कुठे उसवली हे तिला नेहमीच लगेच कळायचं. वाकडं धनुष्य बाण डावीकडे फेकतं. चांगल्या हाताने त्या धनुष्यावर एकही बाण फळीला लागता कामा नये. आणि तिचे लागायचे, पंचेचाळीसपैकी अडतीस. अकरा वर्षं रोज सकाळी ते अडतीस तिने मोजले, त्यांवर गर्व केला, आणि ते लागतात कसे हे एकदाही स्वतःला विचारलं नाही. नक्कल करता करता तो हात तिचाच झाला होता. नवऱ्यापेक्षा ती चांगली मारायची यात शंका नव्हती. नवऱ्याचीच चूक ती त्याच्यापेक्षा जास्त नेमाने करायची, एवढाच त्याचा अर्थ.

दातांचा डॉक्टर, मोबाइलवाला मास्तर आणि ती. एका माळेतले मणी. नाही, ते दोघे बरे. त्यांनी निदान दुसऱ्याच्या सैल हातावर हसून आपला हात सैल केला नव्हता.

मग तिच्या डोक्यात दुसरा विचार आला, आणि तो इतका सोपा होता की तिने शेगडी चालू केलीसुद्धा. परीक्षकांची तपासणी होऊन गेली होती. पात्याला शेक द्यायला बंदी नव्हती, सगळेच देत होते. एक शेक, टाचेचा एक दाब, दोरी जवभर उजवीकडे. अजून पस्तीस बाण होते आणि एकोणतीस लावायचे होते. पस्तिसात एकोणतीस तिने कित्येकदा लावले होते. संध्याकाळी ती विशारद होऊन घरी जाणार होती.

तिने वरचं पातं आचेवर धरलं.

"काय झालं गं?" ग्वांगसप उकिडवे बसत म्हणाले. त्यांच्या हातात बार्लीच्या पाण्याची बाटली होती. "वारा आहे ना? मी म्हटलं नव्हतं? वरून वाहतोय. घे, पाणी पी."

"वारा नाही," ती म्हणाली.

"मग काय करतेस?"

"दोरी जरा उजवीकडे घेतेय."

"का?"

तिने पातं आचेवर उलटवलं. ग्वांगसपनी खरोखरच न कळून धनुष्याकडे पाहिलं.

"आता तर मधोमध आहे. ग्वाक आजोबांनी एवढं कौतुक केलं. उजवीकडे घेतलीस तर वाकडं नाही का होणार ते?"

ओकनामने मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. या माणसाला टोमणा मारता यायचाच नाही, ते कसब घरात तिच्याकडे होतं. समोर शेगडीची लाल तार होती, हातात पातं तापत होतं आणि सरस मऊ होऊ लागल्याचा वास येत होता. आता दाबलं नाही तर पुन्हा थंड होणार होतं.

"आणि एक सांगू? रागावू नकोस," ते आवाज खाली आणून म्हणाले. "मी मागून बघत होतो. बाण सुटताना तुझा डावा हात सैल पडतोय."

अकरा वर्षांत पहिल्यांदा तो माणूस खरं बोलला होता, आणि ते तिच्याबद्दल होतं. तिला वाटलं धनुष्य त्यांच्या डोक्यात घालावं. तिला वाटलं मोठ्याने रडावं. तिने पातं आचेवरून काढलं, गार होईपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवलं आणि उठली.

उरलेल्या सात फेऱ्या तिने सरळ धनुष्याने मारल्या. मूठ पिळायचा प्रयत्न केला, तर हात हुकूम ऐकेना. आठवण ठेवली की पिळायचा, नेम धरला की विसरायचा. मागच्या बाकावर डॉक्टर हाम चू मास्तरांच्या कानाला लागले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही, पण ऐकायची गरजही नव्हती. असंच काहीतरी ती गेली अकरा वर्षं त्यांच्याबद्दल म्हणत आली होती.

पंचेचाळीसपैकी बारा. ग्वांगसपपेक्षा एक कमी.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताची पुडी उघडून त्यांनी पहिला तुकडा तिच्यापुढे धरला.

"पुढच्या खेपेला होईल," ते म्हणाले. "आज वारा..."

"अहो, गप्प बसा आणि ऐका," ओकनाम म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. दोरी, टाच, जवाचा दाणा, अकरा वर्षं. काही सोडलं नाही. मनात त्यांना काय काय म्हणायची तेही सांगितलं, कारण आता तेवढंच राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. बाहेर नदी बसच्या बरोबरीने चालली होती. शिंपले काढणाऱ्या बायका कमरेपर्यंत पाण्यात उभ्या होत्या.

ग्वांगसप भाताचा तुकडा हातात धरून बसले. कान लाल झाले होते. तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, तिला पुन्हा त्यांना तुच्छ लेखता आलं असतं.

"म्हणजे माझे जे लागले," शेवटी ते म्हणाले, "ते माझे नव्हते."

"नव्हते."

"एकही?"

"एकही नाही."

त्यांनी मान डोलावली. तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. मग तिच्याकडे वळून, हिशेब नीट लागावा म्हणून पोस्टमास्तर विचारतो तसं, अगदी साधेपणाने विचारलं:

"आणि तुझे?"

गाव येईपर्यंत ओकनाम खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना दोघं मंडपात गेली. अजून कुणी आलं नव्हतं. तिने शेगडी लावली, धनुष्य शेकलं आणि चढवलं. दोरी मध्यावर बसवली. टाच पात्याकडे गेली नाही. ग्वांगसप जवळ बसून आधी वरचं पातं की खालचं ते बघत होते, आणि एकदाही मधे बोलले नाहीत.

"आधी तुम्ही मारा," ती म्हणाली.

"नको. चढवलंस तू, आधी तू."

ती रेषेवर उभी राहिली. डाव्या मुठीकडे पाहिलं. बासष्ट वर्षांची मूठ, शिवणाच्या सुईने टोचून टोचून जाड झालेली. मग फळीकडे तोंड करून तिने मान खाली घातली. इतकी वर्षं ते शब्द नुसते थुंकून टाकले होते, आज पहिल्यांदा उच्चारायचे होते.

"धनुष्य शिकतेय," ओकनाम म्हणाली.

"खूप लागू देत," नवरा मागून म्हणाला.

तिने ओढलं, मूठ पिळून धरली, आणि सोडला. बाण फळीच्या उजवीकडे दोन हातांवर मातीत जाऊन पडला.

"पुन्हा," ती म्हणाली, आणि दुसरा बाण घेतला.